शनिवारी आवळलेले बोल्ट

गेली पंचवीस वर्षं मी एकच वस्तू बनवतोय, आणि ती लोकांना दिसते फक्त फाटल्यावर. मालवाहू तीनचाकी टेम्पोखाली वाकून पाहिलंत, तर इंजिनाकडून चाकाकडे जाणारा एक दांडा दिसेल. त्याच्या टोकाला बशीएवढी, अंगठ्याइतकी जाड काळी रबरी चकती असते. दांडा फिरत असतो, चाक खड्ड्यांत खालीवर होत असतं, आणि या दोघांची ओढाताण त्या चकतीनं सोसायची असते. तिनं वाकायचं, पण पिळून जायचं नाही. जोर पुढे पोचवायचा, धक्का मात्र पोचवायचा नाही. तापलेल्या सायलेन्सरशेजारी, चिखल आणि ऑइल अंगावर घेऊन वर्षानुवर्षं टिकायचं. गाड्या बनवणारी कंपनी म्हणायची, मऊ करा. मऊ केली की म्हणायची, लवकर फाटते. कडक केली की म्हणायची, आवाज येतो. मी अंबडमधल्या आमच्या कारखान्यात बसून पुन्हा पहिल्यापासून ड्रॉइंग काढायचो. या कामात शाबासकी अशी नसतेच. तक्रार आली नाही, एवढीच शाबासकी.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, "तुम्हाला आज प्रश्न विचारला की उत्तर परवा येतं." बाहेरच्यांना तो समंजसपणा वाटतो. मला त्याचा फायदाच झाला. गप्प बसणाऱ्या माणसाचा कोणाला संशय येत नाही. माझ्या अशाच एका गप्प बसण्यामुळे एका चांगल्या माणसाचं नाव खराब झालं. ते पुन्हा नीट करायचा मी प्रयत्न करतोय, आणि ते होत नाहीये. चिडून लिहितोय हे वाचणाऱ्याला कळेलच.

तो माणूस म्हणजे आमच्या टेस्ट रूमचे टेक्निशियन. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, राहायला देवळाली कॅम्पच्या बाजूला. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मीसुद्धा. ते मला साहेब म्हणायचे, मी नोकरीला लागलो तेव्हा पोरगेला होतो तरी. चकती रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, चढवायची, लाखो वेळा वाकवत फिरवायची आणि ती कधी आणि कुठे फाटते ते रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नसायची. चुकलं तर एक सरळ रेघ, शेजारी सही.

चकतीला सहा भोकं असतात आणि प्रत्येक भोकात पोलादी नळी. बोल्ट आवळला की वॉशर त्या नळीवर टेकतो, रबरावर भार येत नाही. ही नेहमीची रीत. हे प्रकरण घडलं त्या वर्षी नव्या मॉडेलमध्ये खडखड आवाजाची तक्रार होती आणि ती काही केल्या जात नव्हती. मी एक युक्ती काढली. नळी अर्धा मिलिमीटर आखूड केली. आता वॉशर आधी रबरावर दाबून बसायचा आणि खडखड गायब. मी खूश होतो. मोठे साहेब, म्हणजे आमचे कारखान्याचे मॅनेजर, माझ्याहून खूश. कंपनीला तारीख देऊन बसले होते.

पण दाबून ठेवलेलं रबर हळूहळू बसतं, जशी रोजच्या वापरातली गादी बसते. ते बसलं की वॉशरखाली फट पडते, बोल्ट ढिला होतो, भोकात हलायला लागतो आणि भोकाच्या कडेपासून चीर जाते. हे मला कळायला हवं होतं. पुस्तकात आहे. मी ते पुस्तक वाचलेलं होतं.

आमच्या भागात शनिवारी वीज बंद, म्हणून कारखान्याची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी मेंटेनन्सवाले आणि मामा अर्धा दिवस येऊन साफसफाई करायचे. मशीन पुसायचं, ग्रीस भरायचं आणि दिसेल त्या नटबोल्टला एकदा पाना लावून बघायचा, ही तिथली जुनी शिस्त. त्यामुळे आमच्या मशिनी क्वचित बंद पडायच्या. टेस्ट सुरू होऊन पहिला आठवडा झाला होता. मी काळजीपोटी त्या शनिवारी गेलो होतो आणि टेस्ट रूमच्या दारात फोनवर बोलत उभा होतो. मामांनी हाक मारली.

"साहेब, बोल्ट ढिले लागतायत."

"मग आवळा की."

"रिगचे नाही म्हणत मी. सॅम्पलचे. चकतीचे."

मी फोन कानाला तसाच ठेवून म्हणालो, "आवळा."

ते पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. टेस्ट संपेपर्यंत सॅम्पलला हात लावायचा नाही. बोल्ट ढिला झाला तर तीच चकती नापास झाल्याची खूण. टेस्ट थांबवायची आणि लिहायचं.

"आवळू ना नक्की? लिहितो मग."

"लिहा हो मामा. आवळा आणि लिहा."

त्यांनी लिहिलं, 'सहाही बोल्ट आवळले.' कोणी सांगितलं ते लिहायचा रकाना रजिस्टरमध्ये नव्हता. मग तो शनिवारचा परिपाठच झाला. चार शनिवार त्यांनी बोल्ट आवळले आणि चारही वेळा लिहिलं. पाचव्या शनिवारी बोल्ट घट्ट लागले, कारण तोवर वॉशर रबर चेपत चेपत नळीपर्यंत पोचला होता. त्यानंतर ती चकती कशाला फाटतेय? ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेली. मी रिपोर्ट टाइप केला. त्यात 'चाचणीदरम्यान सॅम्पलला हात लावला काय?' असा एक रकाना होता. मी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

तेव्हा मनात काय होतं, असं मला माझ्या मुलीनं अलीकडे विचारलं. काहीच नव्हतं. तारीख होती.

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत तक्रारी सुरू झाल्या, त्याही सगळ्या सटाण्याच्या बाजूनं. मोठे साहेब आणि मी बघायला गेलो. बाजार समितीच्या आवारात टेम्पोंची रांग. मोठे साहेब व्यापाऱ्याच्या पेढीवर चहाला बसले, मी गाड्यांखाली वाकत फिरत होतो. एका चालकानं फाटकी चकती माझ्या हातात ठेवली. भोकाच्या कडेपासून चीर, अगदी सरळ.

"तिसरी शे भाऊ," तो म्हणाला. "मन्हा कांदाबी चार महिना टिकस. तुम्हनं रबर टिकत नई."

शेजारचे दोघे हसले. मी विचारलं, सगळ्यांचीच फाटतेय का? त्यांनी एका म्हाताऱ्या चालकाकडे बोट दाखवलं. त्याची गाडी त्याच मॉडेलची, तेवढीच जुनी, तेवढाच माल वाहणारी, आणि पहिलीच चकती अजून शाबूत. मी त्याला विचारलं, तुम्ही काय वेगळं करता?

"काय करस? दर आठ दिनले खाले जास, पाना मारस. बस."

मला उन्हात घाम फुटला होता तो वेगळाच. तिथल्या तिथे सगळं कळलं. मामांनी शनिवारी जे केलं तेच हा म्हातारा बाजाराच्या दिवशी करत होता. बाकीचे करत नव्हते, आणि त्यांनी का करावं? गाडी विकताना असं कोणी सांगितलं नव्हतं. चूक त्या अर्ध्या मिलिमीटरची होती, म्हणजे माझी. परतीच्या वाटेवर मोठे साहेब दीड तास ओव्हरलोडिंगवर बोलत होते. मी खिडकीतून बाहेर बघत "हं, हं" करत होतो.

चौकशी झाली. कंपनीचे दोन जण आले, रजिस्टर मागवलं गेलं आणि 'बोल्ट आवळले' ही ओळ चार ठिकाणी सापडली. मामांना बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला आम्ही पाच जण खुर्च्यांवर, समोर ते उभे.

"हे तुम्ही लिहिलंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो."

"कोणी सांगितलं आवळायला?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. माझ्यासमोर ड्रॉइंग होतं. मी त्यातल्या एका मापावर पेन्सिल टेकवून बसलो होतो, जणू काही मोजतोय.

"सवय आहे साहेब शनिवारची," मामा म्हणाले.

"सवय? अहो, टेस्ट आहे ती! तुमच्या सवयीपायी आमचं नाक कापलं गेलं. तुम्हाला माहीत होतं का हे?" शेवटचा प्रश्न मला.

मी म्हणालो, "कल्पना नव्हती."

दोन शब्द. मी कमी बोलतो, हे वर सांगितलंच आहे.

मामांना लेखी ताकीद मिळाली आणि टेस्ट रूममधून त्यांना पॅकिंगला पाठवलं. पंचवीस वर्षं पाना धरलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावू लागला. कारखान्यात अशी बातमी वाऱ्यासारखी पसरते. आठवडाभरात पोरं त्यांना चिडवू लागली. "मामा, हा खोका ढिला लागतोय बघा. आवळू का?" कँटीनमधून कोणी ओरडायचा, "मामा, चहाच्या कपाचा कान हलतोय, पाना आणा." मामा चिकटपट्टी लावत राहायचे. पहिल्यांदा खोडी काढणारी पोरं वाईट नव्हती, पण पोरंच ती.

मी काय केलं? नवीन ड्रॉइंगमध्ये नळी अर्धा मिलिमीटर लांब केली. खडखड थांबवण्यासाठी चकतीच्या मध्यभागी रबराची एक कड वाढवली. ते आधीच सुचायला हवं होतं. बदलाच्या कारणापुढे 'किरकोळ सुधारणा' लिहिलं. तक्रारी थांबल्या. सगळ्यांच्या लेखी हिशोब असा झाला की मामांनी बिघडवलं आणि साहेबांनी सुधारलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

चौकशीनंतर दोन महिन्यांनी मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो. मनाची तयारी करून. म्हणालो, "त्या बोल्टच्या प्रकरणात थोडं वेगळं आहे."

ते म्हणाले, "झालं ना ते? आता गाडं सुरळीत चाललंय तर कशाला उकरताय?" आणि फोन उचलला. मी उठलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी फोन संपेपर्यंत थांबू शकलो असतो.

हे एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण क्वालिटी विभागानं नव्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी एक सादरीकरण तयार केलं. पडद्यावर एकेक पान येतं, त्यातलं सातवं पान म्हणजे मामांच्या रजिस्टरचा फोटो. अक्षर तेच, वळणदार. खाली लाल अक्षरात, 'टेक्निशियनने परवानगीशिवाय चाचणीत हस्तक्षेप केला.' नाव झाकलं होतं, पण ते अक्षर कारखान्यात कोणाला ओळखू येत नाही? आणि हे पान शिकवायचं कोणी? डिझाइन विभागातल्या सर्वांत जुन्या माणसानं, म्हणजे मी. दरवर्षी, आयटीआयमधून आलेल्या वीस-पंचवीस मुलांसमोर. मी ते सातवं पान एका वाक्यात उरकायचो आणि आठव्यावर जायचो. पण दाखवायचो.

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषणही मीच केलं. शाल, श्रीफळ, 'प्रामाणिक सेवा' वगैरे सगळं बोललो. ते खाली मान घालून बसले होते. भाषण संपल्यावर त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

यंदा प्रशिक्षणाच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो. अचानक धीर आला वगैरे काही नाही. आदल्या दिवशी क्वालिटीच्या मॅडमकडे गेलो होतो, सातवं पान चुकीचं आहे असं सांगायला. त्या अलीकडे आलेल्या, हुशार. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, हे मंजूर झालेलं प्रशिक्षण आहे. बदल करायचा तर अर्ज लागेल, पुरावा लागेल. आणि ते मॉडेल तर बंदही झालंय. फाईल बंद आहे." मी म्हटलं, पुरावा मीच आहे. त्या म्हणाल्या, "तोंडी नाही चालत ना सर." इतकी वर्षं मी बोललो नाही, आणि आता बोलतोय तर तोंडी चालत नाही! मी चिडून बाहेर आलो. ज्याच्यावर चिडायचं तो मीच होतो.

मामांच्या घरी चहा झाला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, हे मला कशाला सांगताय? मी तिथंच होतो की."

"माफी मागायला आलोय मामा."

"ते ठीक आहे. पण त्या दिवशी मी सवय आहे म्हणालो ते का, ठाऊक आहे? म्हटलं, साहेबांना जरा वेळ मिळू दे, ते सांगतील. तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो मी." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. घरी येऊन मला सांगून काय होणार?"

प्रशिक्षणाच्या दिवशी क्वालिटीच्या मॅडम मागच्या बाकावर होत्या. सातवं पान आलं आणि मी थांबलो. "हे खाली जे लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हणालो. "परवानगी होती. ती मी दिली होती. नळी आखूड करण्याची चूक माझी. रिपोर्टमध्ये 'नाही' मी लिहिलं. या माणसानं फक्त जे झालं ते खरं लिहिलं." एका मुलीनं हात वर केला. "सर, मग या टेक्निशियनचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चार दिवसांनी मॅडमची मेल आली. सातवं पान प्रशिक्षणातून काढून टाकण्यात आलं आहे. दुरुस्त केलेलं नाही, काढलेलं आहे. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला होता. तो मी सविस्तर, तीन पानं, सहीनिशी दिला. त्याचं पुढे काय झालं विचारलं तर उत्तर आलं, 'फाईलला लावला.' बंद फाईलला.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "काढलं म्हणजे चांगलंच. पण साहेब, पान पाहिलेली पोरं कुठं कुठं गेली. मला चिडवायचे ते तर पान बघून चिडवत नव्हते. कँटीनमध्ये सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं.

तेव्हाच्या पोरांपैकी आता दोघंच उरलेत. एक स्टोअरला, एक प्रेसवर. दोघांच्याही कानावरचे केस पांढरे झालेत. दुपारी मी ताट घेऊन त्यांच्या टेबलावर गेलो. ते जरा दचकले, साहेब लोक तिकडे बसत नाहीत. मी जेवता जेवताच सांगितलं. बोल्ट आवळायला मी सांगितलं होतं, मामांची काही चूक नव्हती.

प्रेसवाल्यानं आमटी भातावर ओतली. "आम्हाला माहितीय साहेब."

"काय माहितीय?"

"हेच. मामा काय स्वतःच्या मनानं सॅम्पलला हात लावणार? दुसऱ्यानं टेबलावरचा पाना हलवला तरी ओरडायचे."

"मग चिडवायचात कशाला?" माझा आवाज चढला. "माहीत होतं तर चिडवायचात कशाला?"

त्यानं स्टोअरवाल्याकडे बघितलं. स्टोअरवाला ताटाकडे बघत म्हणाला, "तुम्ही पण हसायचात की, साहेब."

हे मी वर लिहिलेलं नाही. चिडवण्याचं लिहिलं आणि पोरांवर ढकलून पुढे गेलो. पण तो कपाच्या कानाचा विनोद झाला तेव्हा मी पलीकडे साहेब लोकांच्या टेबलावर होतो आणि हसलो होतो. एकदा नाही. हसलो नसतो तर लोकांना वाटलं असतं, याला का लागलं, अशी भीती होती. त्या भीतीनं हसलो.

संध्याकाळी मामांना फोन केला. दोघांना खरं माहीत होतं, हे सांगितलं. ते "अस्सं" म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांना बरं वाटल्याचं मला ऐकू आलं. मग मी म्हणालो, "मामा, अजून एक आहे. तेव्हा कँटीनमध्ये मीही हसायचो."

"ते मला ऐकू यायचं, साहेब," मामा म्हणाले. "पॅकिंगची भिंत कँटीनला लागूनच होती."